मिसरीची चौकट

मी त्या उन्हाळ्याबद्दल बोलायला लागले की आमच्या घरातले लोक हळूच उठून पाणी प्यायला जातात. सगळ्यांचं ऐकून ऐकून झालंय. म्हणून आता लिहूनच काढते. कागद तरी उठून जाणार नाही. आणि आधीच सांगून टाकते, यात मी माझं कौतुक करणार आहे. एका मोठ्या चुकीसकट करणार आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी अमळनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून पायी अर्ध्या तासावर. वडील अमळनेरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, माय दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणीला जायची. आमच्या गल्लीतलं बारावीच्या पुढं गेलेलं पहिलं माणूस मी. गल्ली गावाच्या कोणत्या टोकाला होती ते सांगत बसत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

परीक्षा संपत आली तेव्हा प्राणिशास्त्राच्या सरांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद हातात दिला. धुळ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात कर्करोगावर संशोधन करणारा छोटासा विभाग होता. त्यांना सुट्टीतल्या दोन महिन्यांसाठी चार विद्यार्थी हवे होते. राहायची सोय, महिन्याला थोडे पैसे आणि शिकायला प्रयोगशाळा. अट एकच, ती मी तीनदा वाचली. ज्यांच्या घरात आणि ज्यांच्या समाजात आजवर कुणी प्रयोगशाळेत काम केलेलं नाही, अशांनीच अर्ज करावा. एरवी कुठलीही अट वाचली की आपण यात बसत नाही एवढंच मला कळायचं. इथं पहिल्यांदाच अट वाचून मी आत आले होते. सर म्हणाले, “एवढी काय बघतेस, भर की!” मी तिथंच उभ्या उभ्या भरला.

घरी मात्र वडिलांचा चेहरा पडला. त्या रोगाचं नावसुद्धा आमच्याकडे कुणी तोंडानं घेत नसे. “त्या रोगना दवाखानामा पोरले कसाले धाडानं?” असं ते मायला विचारत राहिले. माय भाकर थापता थापता म्हणाली, “ती काय आजारी पडाले जाई ऱ्हायनी का? शिकाले जाई ऱ्हायनी.” विषय तिथं संपला. आमच्या घरात मायनं भाकर थापताना सांगितलेलं फिरत नसे.

आम्ही चौघं निवडले गेलो. दोघी जळगावकडच्या, एक मुलगा सातपुड्याच्या पायथ्याचा आणि मी. विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. प्रमुख होत्या एक डॉक्टर, मूळच्या नागपूरकडच्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. त्यांचा आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. आणि एक होते नाना, वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या रंगवण्यात घालवलेले तंत्रज्ञ. नानांनी पहिल्याच सकाळी आमचं नाव ‘उन्हाळी पाहुणे’ ठेवलं. “दोन महिने राहतील, डझनभर काचा फोडतील आणि जातील,” असं ते आमच्यासमोरच मॅडमना म्हणाले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी काचेला हात लावताना श्वास रोखून धरला. एकही फोडली नाही. नानांनी दोन फोडल्या, तेही मी मोजून ठेवलं.

मॅडमनी आम्हाला समोर बसवलं आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. “ही योजना एकाच वर्षासाठी मंजूर झाली आहे. जूनमध्ये मुंबईहून मोठे साहेब येतील, तुमचं काम बघतील आणि पुढच्या वर्षापासून तुमच्यासारखी मुलं घ्यायची की योजना बंद करायची ते ठरवतील. तुमच्या मागं कोण येणार, हे तुमच्यावर आहे.” बाकीच्या तिघांचं माहीत नाही, मी ते वाक्य अंगात घालूनच फिरत होते.

काम असं होतं. पहाटे ऊन चढायच्या आत जीपनं शिंदखेड्याकडच्या गावांत जायचं. मॅडम टॉर्च लावून लोकांच्या तोंडात बघायच्या. गालाच्या आत किंवा हिरडीशी पांढरा चट्टा असेल तर तो पुढंमागं कर्करोगात जाऊ शकतो, म्हणून त्याची नोंद व्हायची. लाकडी पट्टीनं गालाची हलकी खरवड घेऊन काचेवर पसरली जायची. मी बाजूला बसून माणसाला प्रश्न विचारायचे आणि फॉर्म भरायचे. दुपारी परत येऊन काचा रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. गालाच्या पेशी पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या शिंदखेड्याकडच्या एका बाईच्या होत्या, आणि मला वाटलं, या बाईला स्वतःला हे कधीच दिसणार नाही, ते मी बघतेय. कॉलेजात वर्षभर कांद्याची साल बघून असं काही वाटलं नव्हतं.

फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरत नसे. कारण सोपं होतं, मी अहिराणीत विचारायचे. मॅडमचं पुस्तकी मराठी ऐकून म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. मी बसले की मोकळ्या व्हायच्या. फॉर्मवरचा महत्त्वाचा प्रश्न होता, तंबाखूचं सेवन करता का? उत्तर ‘नाही’ असलं तर बाणाची खूण थेट पुढच्या पानावर नेत होती. ‘हो’ असलं तर खाली बारीक अक्षरांची एक चौकट भरायची, तंबाखूचा कोणता प्रकार, दिवसातून किती वेळा, किती वर्षं. मी विचारायचे, “अक्का, तुम्ही तमाखू खातस का?” त्यावर एकजात उत्तर यायचं, “तमाखू? व माय! आम्ही काय गडीमाणसे शेतस का?” शेजारच्या बाया हसायच्या, मीही हसायचे, ‘नाही’वर खूण करायचे आणि पान उलटायचे. माझा एक फॉर्म होईपर्यंत बाकीच्यांचा अर्धाच झालेला असायचा.

तीन आठवड्यांनी मॅडम फॉर्मचे गठ्ठे घेऊन बसल्या आणि गोंधळून गेल्या. पुरुषांचं गणित बरोबर होतं. चट्टा तिथं तंबाखू. पण बायांच्या तोंडात चट्टे दिसत होते आणि फॉर्मवर मात्र ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. त्यांनी मला बोलावलं. “खालची चौकट नीट भरलीस ना?” मी ताठ मानेनं सांगितलं, “जिथं लागली तिथं भरली, मॅडम.” ते खोटं नव्हतं. पुरुषांच्या फॉर्मवर ती चौकट काठोकाठ भरलेली होती.

मॅडमचे डोळे चमकायला लागले. तंबाखू नाही आणि तरी चट्टे, म्हणजे कारण दुसरंच काहीतरी असणार. खानदेशातलं तिखट असेल, कडक चहा असेल, पाण्यात काही असेल. त्यांनी मुंबईच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं आणि मला म्हणाल्या, “हे खरं निघालं तर तुझ्या फॉर्मवर उभं असेल.” त्या दिवशी मी जमिनीवर चालत नव्हते. नानासुद्धा एकदा “हं” म्हणाले, आणि नानांच्या मानानं ते फार होतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात. सासरी बोटभर पदर पुढं ओढून वावरणाऱ्या बाया माहेरच्या झोक्यावर उघड्या डोक्यानं ओरडतात. मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर माय, माझी मोठी बहीण, गल्लीतल्या आणखी तीन लेकी अशा बसलो होतो. रोजच्यासारखी मायनं पत्र्याची डबी उघडली, बोट बुडवलं आणि डबी पुढं सरकवली. डबी हातोहात माझ्याकडे आली. मी बोट बुडवलं, दातांवर फिरवायला लागले आणि बोट तोंडात तसंच राहिलं.

डबीत मिसरी होती. मिसरी म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेली आणि वाटलेली तंबाखू. बाजारातून तंबाखूचं पान आणायला लहानपणी मीच जायचे, तव्यावर परतायचे मीच, खोकत खोकत वाटायचे मीच. माझ्या हाताला ते पक्कं माहीत होतं. डोक्याला नव्हतं. तंबाखू म्हणजे चंची, चुना, थुंकणारे गडी; मिसरी म्हणजे दात घासणं. आमच्यातल्या एकाही बाईनं मिसरीला तंबाखू म्हटलं नव्हतं, आणि तीन आठवडे मी, शिकलेली, सूक्ष्मदर्शकात बघणारी, मीही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मॅडमनी फॉर्म समजावून दिला होता, त्या चौकटीत मिसरी हा शब्द छापलेला होता. आणि मी प्रत्येक बाईच्या वेळी त्या चौकटीवरून पान उलटून पुढं गेले होते.

“माय, तू तमाखू खास का?” मी विचारलं. माय माझ्याकडे बघतच राहिली. “याड लागनं का तुले? मी कधी तमाखू खादी?” डबी तिच्या मांडीवरच होती.

मी चूळ भरली आणि मागं जाऊन बसले. मायला वाटलं, पोरीचं काहीतरी दुखतंय. ती मागोमाग आली तेव्हा मी सगळं सांगितलं. मॅडमचं पत्र, जूनमध्ये येणारे साहेब, आमच्यानंतर येणारी मुलं. आपलं एक ‘हो’ चुकलं म्हणून सगळ्यांचं दार बंद होणार, असं म्हणून मी रडायलाच लागले. मायला पत्रातलं आणि फॉर्ममधलं फार काही कळलं नसावं. ती म्हणाली, “चुकनी ते सांगी दे. चोरी थोडीच करी शे तू.”

सांगायला सोपं होतं. करायला माझ्याकडून लगेच झालं नाही, तेही इथं लिहून ठेवते. धुळ्याला परत आले त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि गठ्ठे टेबलावर होते. फॉर्म आम्ही पेन्सिलीनं भरायचो. खोडरबर समोरच पडलेलं. कोणत्या बाईचे ओठ काळपट होते, कुणाच्या कमरेला डबीचा फुगवटा होता, मला चेहऱ्यांसकट आठवत होतं. मी पहिला फॉर्म ओढला, ‘नाही’वरची खूण खोडली आणि ‘हो’वर केली. इतकं नीट खोडलं की मलाच ओळखू आलं नसतं. मग चौकटीत ‘मिसरी’वर खूण केली. पुढचा रकाना होता, दिवसातून किती वेळा. त्याच्यापुढं, किती वर्षं. पेन्सिल तिथंच थांबली. ते मी त्या बाईला विचारलंच नव्हतं. आता लिहायचं तर मनानं लिहावं लागणार होतं, एकदा नाही, प्रत्येक फॉर्मवर, माझ्या सुंदर अक्षरात. चूक होती तोवर ती चूक होती. यापुढं मायनं म्हटलेली चोरी सुरू होणार होती. मी रबर ठेवलं आणि तो खोडलेला फॉर्म हातात घेऊन मॅडमच्या जेवणाच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिले.

मॅडमनी सगळं ऐकलं. घास हातातच होता. मग त्यांनी विचारलं, “तू स्वतः लावतेस?” मी मान डोलावली. त्यांनी डबा बाजूला केला, हात धुतले, टॉर्च आणली आणि मला आ करायला लावलं. बराच वेळ बघितलं. “स्वच्छ आहे. आजपासून तसंच ठेव.” मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून साहेबांना लिहिलेलं पत्र काढलं, अजून टाकलेलं नव्हतं, आणि माझ्यासमोर दोन तुकडे केले. “मीही विचारायला हवं होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तोंड बघत होते, आणि जीप आली की या बाया घाईघाईनं तोंड धुऊन येतात हे मला दिसत होतं.”

जुने फॉर्म फाडायचे का, असं मी विचारलं. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. एकही कागद फाडायचा नाही. त्याच बाईचा नवा फॉर्म पेनानं भरायचा आणि जुन्याला टाचणीनं जोडायचा, म्हणजे आधी काय लिहिलं आणि नंतर काय लिहिलं ते कुणालाही दिसलं पाहिजे. माझा खोडलेला फॉर्मसुद्धा तसाच राहणार होता, कोपऱ्यात ‘खोडला आहे’ असं लिहून, खाली माझी सही. तेव्हा ती सही मला शिक्षेसारखी वाटली. आज विचाराल तर माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सही होती.

आता एवढ्या बायांना परत गाठायचं कसं? मी मॅडमना म्हटलं, जीप नको. जीप आली की तोंडं धुतली जातात आणि ओट्यावर सासरे येऊन बसतात. मी एसटीनं जाते. आखाजीवरून लेकी सासरी परतल्या होत्या आणि गावोगाव बिबड्यांचे दिवस होते. ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे; ते एकटीनं होत नाहीत. पहाटेच अंगणात पाचसहा जणी जमतात, एक पिठाचा घाटा शिजवते, बाकीच्या थापतात आणि ऊन चढायच्या आत खाटेवर वाळत घालतात. तिथं पुरुष फिरकत नाहीत. मी तिथं जाऊन बसायचे, हाताला पाणी लावायचे आणि बिबडे थापायला लागायचे. माझे बिबडे वाकडेतिकडे व्हायचे, त्यावरून माझी यथेच्छ टर उडायची. “कॉलेजमा हाईच शिकाडतस का?” असं एका आजीनं विचारलं तेव्हा सगळ्याजणी खो खो हसल्या. हसणं ओसरलं की मी विचारायचे. तंबाखू हा शब्दच काढत नसे. विचारायचे, दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?

उत्तरं ऐकून मी चाट पडले. सकाळी एकदा. शेतात निघताना. जेवल्यावर. दुपारी डोकं दुखलं तर. संध्याकाळी भाकरी करण्याआधी. कुणी दिवसातून पाच वेळा दात घासतं का, असं विचारलं की हसून म्हणायच्या, “मंग? त्यानाबिगर काम व्हस का?” त्या स्वतःच बोलता बोलता थबकायच्या. एक माझ्याच वयाची बाई, पोर मांडीवर घेतलेली, थापता थापता म्हणाली, “म्हणजे गडी चंचीमा ठेवस नि आम्ही डबीमा?” मी म्हटलं, हो. ती पुढचा बिबडा थापायला लागली. मी निघाले तेव्हा मात्र तिनं मला आपली डबी हातात घेऊन बघू दिली.

बाकीच्या तिघांनाही मी गप्प बसू दिलं नाही. त्यांचेही गठ्ठे तसेच निघाले. जळगावकडच्या दोघी माझ्याबरोबर यायला लागल्या, आणि सातपुड्याकडचा तो मुलगा पुरुषांत बसून बायांच्या घरचा पत्ता काढून द्यायचा. नाना प्रयोगशाळेत एकटे पडले. एक दिवस टाचण्यांची नवी डबी त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. मायला मी त्याच दिवसांत धुळ्याला आणून मॅडमकडून तोंड तपासून घेतलं. चट्टा निघाला नाही. मिसरी मात्र तिनं पुढंही सोडली नाही, पाचाची दोनदा केली, आणि त्यावर आमची भांडणं वर्षानुवर्षं चालली.

जूनमध्ये मुंबईचे साहेब आले. उंच, पांढऱ्या केसांचे, हसायची सवय नसलेले. आदल्या दिवशी मॅडमनी मला सांगितलं होतं, “तू बोल. नवा प्रश्न कसा विचारला ते सांग. आधी काय झालं ते सांगितलंच पाहिजे असं नाही. ते मी नंतर त्यांना लेखी देईन.” ही मोठी सवलत होती. दार बंद होऊ नये म्हणून दिलेली होती, आणि ते मला कळत होतं.

मी उभी राहिले. पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या वाक्याला सुटलं, म्हणून मराठीतच बोलले. टाचणी लावलेला गठ्ठा साहेबांच्या समोर ठेवला, सगळ्यात वर माझी सही असलेला खोडलेला फॉर्म. म्हटलं, “साहेब, तीन आठवडे मी चुकीचं लिहिलं. मी स्वतः रोज मिसरी लावत होते आणि मी तंबाखू घेत नाही असंच मला वाटत होतं.” मग बाकीचं सांगितलं. आधी किती बायांना ‘नाही’ लिहिलं आणि आता त्यातल्या किती ‘हो’ निघाल्या ते.

साहेबांनी गठ्ठा उचलला आणि एकेक जोडी उलटून बघायला लागले, वरचा कागद, खालचा कागद. खूप वेळ. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघून म्हणाले, “तुम्हा चौघांपैकी कुणाकुणाच्या घरी मिसरी आहे?” मी हात वर केला. जळगावकडच्या दोघींनी केला. सातपुड्याकडच्या मुलानं जरा थांबून केला. साहेबांनी मग मॅडमकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. त्या दोघांचे हात खालीच होते. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तो गठ्ठ्यावर होता.

“या दोन खोल्यांत पुढच्या उन्हाळ्यात किती मुलं मावतील?” त्यांनी विचारलं.

मॅडम काही बोलायच्या आत नाना म्हणाले, “खोल्यांत सहाच, साहेब. पण व्हरांड्यात टेबल टाकलं तर आठ.”

मी खाली बसले. मला इतका अभिमान वाटत होता की कुणाकडे बघायची सोय नव्हती, म्हणून मी टाचण्या गोळा करत बसले.